स्टोव्ह नव्हता फुटला

ती ओळ मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या तोंडात चहात बुडवलेला पाव होता. सोलापुरात आमच्या विडी घरकुलच्या नाक्यावर मल्लूची चहाची गाडी होती. सकाळची वेळ, कामावर जाणाऱ्यांची ये-जा चालू होती. पलीकडच्या बाकावर तीन-चार पोरं एका मोबाइलवर वाकून बसलेली. मला बघितल्यावर त्यांच्यातल्या एकानं घाईघाईनं आवाज बंद केला. मीच म्हणालो, लाव की, काय लपवायलास. त्यानं मान खाली घालून पुन्हा लावलं.

आवाज किरण म्हेत्रेचा होता.

*गुर्रम म्हणे स्वतःला, खेचराची चाल,*
*घरामध्ये राख सारी, वरून गप्पा लाल.*
*गल्लीला काय सांगता, भांडं होतं तापलेलं,*
*स्टोव्ह नव्हता फुटला, बाप होता पेटलेला.*

मल्लू गाळणी हातात धरून तसाच उभा राहिला. बाकावरची पोरं माझ्याकडे बघेनात.  मी तोंडातला पाव तिथंच रस्त्याच्या कडेला थुंकलो आणि चालायला लागलो.

गुर्रम म्हणजे मी. व्यंकटेश गुर्रम. तेलुगूत गुर्रम म्हणजे घोडा, म्हणून आडनावच मी स्टेजचं नाव म्हणून घेतलं होतं. आमचा तिघांचा ग्रुप होता, 'तीनचाकी'. अंबादास श्रीगादी, म्हणजे अंब्या, तो पुढचं चाक. उंच, देखणा, स्टेजवर आला की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. मी त्याच्या मागं दुसरं कडवं म्हणायचो. तिसरा रफिक, तो म्हणायचा काही नाही, कॉम्प्युटरवर बीट बनवायचा. अंब्या आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. त्याच्या घरी भाकरी नसली की तो आमच्याकडे जेवायचा आणि माझी फी राहिली की त्याचा बाप मास्तरांना जाऊन भेटायचा.

किरण लष्कर भागातला, एकटाच रॅप करायचा. सहाएक महिने त्याची आणि आमची जुंपली होती. या गाण्यात एकमेकांची जाहीर उणीदुणी काढायची रीतच आहे, त्याला डिस म्हणतात. त्यानं आम्हाला लंगडी रिक्षा म्हटलं, आम्ही त्याला फुटका भोंगा म्हटलं. लोकांना मजा येत होती. पोरं वाटून घेतल्यासारखी अर्धी तिकडं, अर्धी इकडं झाली होती. कॉलेजच्या गेटवर दोनदा मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. तरी आम्हाला तो खेळच वाटत होता.

पण आईवर कुणी गेलं नव्हतं.

माझी आई, अम्मा, विड्या वळायची. नाव नरसम्मा. तिच्या मानेची डावी बाजू, खांदा आणि कोपरापर्यंतचा हात जळलेला होता. कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी. मी तीन वर्षांचा असताना घरात स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यानंतर महिन्याभरात बाप भिवंडीला मागावर कामाला गेला, तो परत आला नाही. यातलं खरं काय ते आजीनं, अव्वानं, मरायच्या आधी मला सांगितलं होतं. स्टोव्ह फुटला नव्हता. बापानं रॉकेल टाकून काडी लावली होती. अम्माशी मी त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो आणि तीही नाही. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, बापच भिवंडीत दारू पिऊन कुणापाशी बरळला असणार आणि ते फिरत फिरत किरणच्या कानावर आलं असणार.

रफिकच्या मामाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या माळ्यावर भिंतींना जुन्या गाद्या ठोकून आम्ही रेकॉर्डिंगची खोली केली होती. मी तिथं पोहोचलो तेव्हा अंब्या आधीच येऊन बसला होता. त्यानं उठून मला मिठी मारली. म्हणाला, ऐकलं मी. त्याला सोडायचं नाही. पण आत्ता जायचं नाही, संध्याकाळी सगळी पोरं जमवून जाऊ. रफिक शूटिंग करेल. त्याला कॅमेऱ्यासमोर तुझ्या पायावर नाक घासायला लावू, आणि त्याच व्हिडिओवर आपलं पुढचं गाणं. तो बोलत होता आणि मला त्याच्या ओठांची नुसती हालचाल दिसत होती. कोपऱ्यात एक लोखंडी सळई पडलेली होती. ती त्यानं उचलून मला दाखवली आणि म्हणाला, हिची गरज पडणार नाही, नुसती हातात असू दे.

मी हो म्हणालो, खाली उतरलो आणि सरळ लष्करच्या रिक्षात बसलो.

किरण एका गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला होता. मी पोहोचलो तेव्हा तो गुडघ्यापर्यंत पँट दुमडून एका मोटरसायकलला फेस लावत होता. सगळीकडे साबणाचं पाणी. मालक आतल्या खोपटात होता. किरणनं मला बघितलं. मला वाटलं होतं तो घाबरेल, नाहीतर अंगावर येईल. तो चक्क हसला.

"तू एकटाच? बाकीचे कुठायत? संध्याकाळी ठरलंय ना?"

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

तो मोटरसायकलसकट खाली गेला. उठायच्या आत मी त्याच्या छातीवर बसलो होतो. मी त्याआधी मारामाऱ्या केल्या होत्या, पण त्या पोरापोरांतल्या होत्या. ओढाओढी, शिव्या, कुणीतरी सोडवायला येईपर्यंतची. हे तसं नव्हतं. मी बोलत नव्हतो. माझ्या मुठीला त्याचे दात लागले, ते मला कळलं. एक दात तुटून बोटाच्या सांध्यात रुतला तेही कळलं, आणि तरी मी थांबलो नाही. फेसाचा रंग गुलाबी झाला. त्यानं एक-दोनदा हात वर केले, मग तेही सोडून दिले.

"थांब," तो म्हणाला. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द फुटत नव्हता. "थांब बे. दोनच थापडा ठरल्या होत्या."

"कुणाशी ठरल्या होत्या?"

"अंब्याशी."

खोटं बोलायलाय म्हणून मी त्याला आणखी एक ठेवून दिली. तो कुशीवर वळून थुंकला आणि पडल्या पडल्याच बोलत राहिला. सगळं सांगितलं त्यानं. भांडण पहिल्यापासून ठरवून चाललं होतं. अंब्यानंच येऊन सुचवलं होतं की आपण एकमेकांवर गाणी काढू, दोघांचंही नाव होईल. किरणची अर्धी गाणी अंब्यानं लिहून दिली होती. हे कालचं कडवंसुद्धा.

"मला काय माहीत तुझ्या आईचं?" किरण म्हणाला. "मी तुमच्या गल्लीत कधी आलोय का? स्टोव्ह म्हणजे काय, मी विचारलं त्याला. म्हणाला, तू नुसतं म्हण. लागेल बरोबर."

मी त्याच्या छातीवरून उठलो.

अव्वा गेली त्या दिवशी दुपारी अंब्या आणि मी त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. मी खूप रडलो होतो आणि रडताना त्याला ते सांगितलं होतं. आयुष्यात त्या एकाच माणसाला सांगितलं होतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बसून राहिला होता.

तेवढ्यात रस्त्यावर दोन गाड्या येऊन थांबल्या. मी निघून गेलो हे रफिकनं अंब्याला सांगितलं असणार. अंब्या, रफिक आणि आमच्या गल्लीतली दोन पोरं. अंब्याच्या हातात ती सळई होती. रफिकनं सवयीनं मोबाइल वर धरला होता. किरणची अवस्था बघून त्यानं तो खाली घेतला.

किरण भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "अंब्या, सांग की ह्याला. मी एकट्यानं का मार खायचा?"

अंब्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याला काही विचारायची गरजच उरली नाही. पहिलीपासून त्याचा चेहरा मला पाठ होता.

"खोटारडा साला," असं म्हणत तो किरणकडे धावला. सळई त्यानं दोन्ही हातांनी वर नेली होती. ती पाठीवर किंवा पायावर येणार नव्हती, तोंडावर येणार होती. किरणचं तोंड त्याला कायमचं बंद करायचं होतं.

मी मध्ये कधी गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या माणसाला मी आत्ताच रक्तबंबाळ केलं होतं, त्याच्यासाठी मी जाईन असं मलाही वाटलं नसतं. पण माझा उजवा हात वर गेला आणि सळई त्याच्यावर बसली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मनगटाच्या वर हात नको तिथं वाकला होता. दुखणं अजून यायचं होतं. ते यायच्या आत मी अंब्याच्या अंगावर गेलो.

आम्ही दोघं त्या साबणाच्या पाण्यात पडलो. माझ्याकडे एकच हात होता. त्यानं माझ्या मोडक्या हातावर गुडघा रोवला, तेव्हा मात्र मी गुरासारखा ओरडलो आणि त्याच्या कानाला दात लावले. तो सोडवू पाहत होता, मी सोडत नव्हतो. तोंडात खारट रक्त आणि साबण. तो माझ्या बरगड्यांत मारत होता आणि रडत होता. होय, रडत होता. मारताना म्हणत होता, "आपल्यासाठीच केलं बे. आपल्यासाठीच केलं ना मी."

शेवटी सेंटरच्या मालकानं गाड्या धुण्याचा जोराच्या पाण्याचा पाइप आमच्यावर धरला. कुत्री सोडवतात तसे आम्ही सुटलो. अंब्या कान दाबत गाडीवर बसला आणि गेला. गल्लीतली पोरं त्याच्यामागं गेली. रफिकनं एक रिक्षा थांबवली आणि मला व किरणला एकाच सीटवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत किरणनं आपला शर्ट काढून माझ्या हाताखाली धरला होता. 

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, गाडीवरून पडलो. त्यानं किरणकडे बघितलं. किरण म्हणाला, मीपण. डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं.

मान वळवली तर दारात अम्मा उभी होती. रफिकनं निरोप पाठवला होता. अंगाला तंबाखूचा वास, पदरावर विडीच्या पानांचा चुरा, कामावरून तशीच उठून आलेली. तिनं माझं 'पडलो' ऐकलं होतं. ती जवळ आली, माझा सुजलेला हात बघितला आणि डॉक्टर लांब गेल्यावर हळू म्हणाली, "खोटं बोलायला तुला वेळ नाही लागला."



"मलाही नव्हता लागला," ती म्हणाली. "ह्याच दवाखान्यात."

अठरा वर्षांत आम्ही पहिल्यांदाच त्या विषयावर बोलत होतो. तिनंही ते गाणं ऐकलं होतं. सकाळी पाणी भरताना शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर चाललं होतं. पोरगी बंद करायला लागली, तर अम्मानं तिला पूर्ण ऐकवायला लावलं. दोनदा. मला कुणी सांगितलं होतं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, अव्वानं. आणि त्या पोराला? मी म्हणालो, त्याला अंब्यानं. अंब्याला मी. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझ्या डोक्यातला साबण पदरानं पुसायला लागली.

हाताला पट्ट्या ठोकल्या, प्लास्टर घातलं. हाड वाकडंच जुळलं, अजूनही ते तसंच आहे.

आठवड्यानं अंब्या घरी आला. कानाला पट्टी, डोळ्याखाली काळं. उंबऱ्याच्या आत आला नाही, दारातच बसला. लहानपणापासून ज्या घरात तो न विचारता पातेल्यावरचं झाकण उचलायचा, त्या घराच्या दारात. अम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्याला बघून मी उठलो, डाव्या हातात पाट्याचा वरवंटा घेतला. अम्मा वर न बघता म्हणाली, खाली ठेव. मी ठेवला.

अंब्या बोलायला लागला. म्हणाला, साध्या शिव्यांना लोक कंटाळले होते. खरं काहीतरी पाहिजे होतं. गाणं बघ किती लोकांनी ऐकलंय. मुंबईहून फोन आलाय, तीनचाकीला बोलावलंय. तू उत्तर दिलंस की आपण कुठल्या कुठं जातो. आणि मग खाली बघत म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तुला तेवढा राग आला नसता, आणि राग आला नसता तर गाणं झालं नसतं.

मी त्याला म्हणालो, इथून जा, नाहीतर दुसरा कानपण ठेवणार नाही. तो उठला नाही. तो अम्माकडे बघत होता. बहुतेक तिनं काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, म्हणूनच तो आला होता.

अम्मानं हातातली विडी पूर्ण केली, दोऱ्यानं बांधली आणि सुपात टाकली.

"ओळ चांगली केलीस तू," ती म्हणाली. "खोटं काही नाही त्यात. पण अंबादास, मी त्यात कुठंय रे? स्टोव्ह आहे. बाप आहे. गल्लीपण आहे. जळाले मी, आणि मीच नाही."

 अंब्या उठला आणि चपला घालून निघून गेला. त्या दिवशी तीनचाकी संपली. पुढं लोक म्हणाले की गुर्रमला एकट्याला मोठं व्हायचं होतं म्हणून त्यानं मित्राला लाथ मारली. मी कधी उत्तर दिलं नाही.

तो गेल्यावर अम्मा मला म्हणाली, "तू म्हण ते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून झालं माझं. तू म्हण."

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. विड्या वळता वळता, माझ्याकडे न बघता, रोज थोडं थोडं. लग्न होऊन आली तेव्हाचं. पहिला मार कशावरून पडला. कुठल्या शेजारणीनं दार लावून घेतलं आणि कुठलीनं उघडलं. जळाल्यावर वॉर्डात शेजारच्या तिन्ही बायकांचा स्टोव्हच कसा फुटला होता आणि त्या चौघी एकमेकींकडे बघून कशा गप्प बसायच्या. हाताला प्लास्टर, त्यामुळे मी लिहीत नव्हतो. डोक्यातच जुळवत होतो, तोंडानं पुटपुटत. ती मध्येच थांबवायची आणि म्हणायची, असं नव्हतं, असं होतं.

*अम्मा वळते विडी, बोट थांबत नाही,*
*जळालेल्या कातडीला घाम फुटत नाही.*
*दवाखान्यात विचारलं, काय झालं बाई,*
*खोटं बोलायला तिला वेळ लागला नाही.*

अंब्याची ओळ मी घ्यायला तयार नव्हतो. अम्माच म्हणाली, घे, ती बरोबर आहे, फक्त माझ्या मागं ठेव. रफिक एक दिवस न सांगता घरी आला आणि म्हणाला, बीट मी करतो. त्यानं तिच्या कात्रीचा आवाज रेकॉर्ड करून नेला, पानं कापतानाचा, आणि त्यावरच सगळी चाल बसवली. गाण्याचं नाव ठेवलं 'नरसम्मा'.

ते गाणं कुठं कुठं गेलं ते तुम्हाला कदाचित माहीत असेल. मला आठवतात ते फोन. अनोळखी बायकांचे. बऱ्याचजणी काही बोलायच्याच नाहीत, नुसतं नाव आणि गाव सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या.

एकट्याचा पहिला कार्यक्रम सोलापुरातच झाला, एका शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी. मैदान भरलं होतं. पुढच्या रांगांत आमच्या घरकुलच्या विडीवाल्या बायका बसल्या होत्या. किरण स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभा होता, पुढचे दोन दात नसलेला. मागच्या बाजूला अंब्याची पोरं जमली आहेत हे मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं.

मी पहिलं कडवं संपवलं आणि मागून बाटली आली. काचेची. ती माझ्या पायापाशी फुटली. मग दगड. एक साथीला आणलेल्या ढोलाच्या कातड्यावर बसला, एक रफिकच्या खांद्याला लागला. बायका उठून उभ्या राहिल्या. मी म्हणत राहिलो. आणि मग गर्दीतून वाट काढत अंब्या स्टेजवर चढला. किरण त्याला अडवायला गेला, त्यानं किरणच्या पोटात कोपर मारलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दारू प्यायलेला नव्हता. डोळे लाल होते. माझा माइक हिसकावून घेऊन तो गर्दीला म्हणाला, "स्टोव्ह नव्हता फुटला, ही ओळ माझी आहे. चोर आहे हा."

मैदान गप्प झालं. बीट तेवढा चालू होता, कात्रीचा.

माइक त्याच्याकडेच होता. मी त्याच्या कानाशी वाकून नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "तुझीच आहे. म्हण."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं ती ओळ म्हटली. आजही सांगतो, माझ्यापेक्षा चांगली म्हटली. त्याचा आवाज तसाच होता, भरलेला. सगळ्या मैदानाच्या अंगावर काटा आला.

"आता पुढचं म्हण," मी म्हणालो.

बीट पुढं गेला. एक फेरा गेला, दुसरा गेला. सगळे बघत होते. अंब्याचे ओठ हलले, पण त्याच्याकडे पुढचं काही नव्हतंच. पुढच्या रांगेत अम्मा बसलेली त्याला दिसली असावी. त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि त्यानं तो लोखंडी जाळीचा माइक सगळ्या ताकदीनिशी माझ्या कपाळावर हाणला.

भुवई फाटली. मी गुडघ्यावर आलो. त्यानं पुन्हा हाणला, तो कानशिलावर बसला आणि स्पीकरांतून धडाम् आवाज सगळ्या मैदानभर गेला. मग किरण, रफिक, अजून चार-पाचजण त्याच्यावर पडले. त्याला खाली ओढलं आणि मागच्या अंधाऱ्या बाजूला तुडवायला लागले. मला एका डोळ्यानं काही दिसत नव्हतं. मी माइक शोधला. जाळी चेपली होती, पण चालू होता. मी त्यातून पहिलं जे बोललो ते हेच, की त्याला मारू नका, सोडा. त्याला सोडलं. आणि मग मी अम्माचं पुढचं कडवं म्हटलं, उठायला होत नव्हतं म्हणून गुडघ्यावर बसूनच. रक्त ओठावर येत होतं ते थुंकत थुंकत शेवटपर्यंत म्हटलं.

अंब्या त्यानंतर सोलापुरात राहिला नाही. भिवंडीला गेला असं कळलं. मागावर आहे, गात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मा माझ्या भुवईवरची पट्टी बदलत होती. टाके पडले होते. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं. मी विचारलं, गाणं बरोबर झालं का, काही राहिलं का. तिनं कापूस बाजूला ठेवला.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "पण ते मी असेपर्यंत गाण्यात घालायचं नाही. लोक मला मग देवी करतील. मी देवी नव्हते. मला लई भीती वाटली होती."

अम्माला जाऊन आता तीन वर्षं झाली. गाण्यात मी ते अजूनही घातलेलं नाही. इथं पहिल्यांदा सांगतोय.

ती म्हणाली, "तुझ्या बापानं रॉकेल माझ्यावर नव्हतं टाकलं, बिड्डा. माझं त्याचं भांडण झालं, मी माहेरी जाते म्हणाले. तो म्हणाला, जा, पण पोरगं नेऊ देणार नाही. मी म्हणाले, नेणार. तर त्यानं डबा उचलला आणि तुझ्या अंथरुणावर ओतायला लागला. गोधडी भिजली. मी तुझ्यावर आडवी पडले, तर ते माझ्या मानेवर सांडलं, खांद्यावर सांडलं. मग त्यानं काडी ओढली. तुला ढकलून मोरीत सरकवलं मी, आणि मग पेटले."

बाहेर कुणीतरी हांडा घेऊन गेलं. माझा वाकडा हात मांडीवर होता. ती त्याच्याकडे बघत होती.

मी विचारलं, "मी रडत होतो का तेव्हा?"

"नाही. झोपेत होतास. मोरीत पडूनसुद्धा तुला जाग नाही आली."

"एवढा आरडाओरडा झाला तरी?"

"मी ओरडलेच नाही," अम्मा म्हणाली. "तू उठला असतास."